वाट्यांतलं स्वच्छ पाणी

पुस्तक मिटून पुन्हा उघडलं तेव्हा दोन पानांच्या मधोमध चिकटलेला एक डास त्याला दिसला. मारायचं असं काही त्याच्या मनात नव्हतं. दुपारी वाचता वाचता डोळा लागायचा, मान खाली यायची, पुस्तक आपसूक मिटायचं आणि जाग आली की जिथे सोडलं ते पान शोधायचं, एवढं रोजचंच होतं. आज त्या पानावर हा. काळा, नाजूक, पायांवर पांढरे पट्टे, तेही इतके रेखीव की कुणी सवडीने बसून ओढले असावेत. आणि जरा वर, एका शब्दाच्या डोक्यावर, रक्ताचा ठिपका. त्या अक्षरावर अनुस्वार नको होता. त्याचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, आणि काढून टाकण्याची खूण करणार तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की ही काही छापखान्याची चूक नाही. मग उरलेली गोष्ट लक्षात आली. हे रक्त कोणाचं?

त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन पोटऱ्या पाहिल्या. कुठे खाज नव्हती, चाव्याची गांध नव्हती. घरात माणसं दोनच. दुसरं माणूस म्हणजे बायको, समोरच्या पलंगावर मच्छरदाणीत झोपलेली होती, भर दुपारी, भिंतीकडे तोंड करून. जाळीतून ती जरा धूसर दिसत होती, ओल्या कागदावर उमटलेल्या छपाईसारखी. तो उठला आणि मच्छरदाणीच्या भोवतीने हळूहळू फिरू लागला, एकेक घर तपासत. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती, त्यामुळे अशा कामाचा त्याला कंटाळा नव्हता. भोक सापडलं ते कपाटाकडच्या कोपऱ्यात. त्या बाजूला भिंतीत खिळा ठोकता येईना म्हणून मच्छरदाणीची एक दोरी त्याने पुस्तकांच्या कपाटाच्या मुठीला बांधली होती, आणि पंख्याच्या वाऱ्याने गाठीपाशी जाळी उसवली होती. बोट जाईल एवढंच भोक. त्याने गॅलरीतल्या दोरीवरून कपड्याचा चिमटा आणला आणि तिथे लावून टाकला. चिमटा लाल होता. पांढऱ्या जाळीवर तो फारच दिसत होता.

मच्छरदाणी दिवसा लावायची हे त्याला आधी पटलंच नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी डेंग्यू म्हटलं, एक साधी तापाची गोळी लिहून दिली, दुसरी कुठलीही अंगदुखीची गोळी घरात असली तरी द्यायची नाही म्हणून बजावलं, पाणी पाजत राहा म्हणाल्या, आणि मग मच्छरदाणीचं काढलं. "रात्रीची नाही हो, दिवसाची. हा डास दिवसा चावतो." तो म्हणाला होता, "पण चावून तर गेला ना? आता जाळी लावून काय उपयोग?" त्या लिहिता लिहिता थांबल्या होत्या. "आता दुसरा डास यांना चावेल, आणि मग तो तुम्हाला चावेल. जाळी त्यांच्यासाठी नाही काका, तुमच्यासाठी आहे." घरी येताना रिक्षात त्याच्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं. जाळीच्या आत ती राहणार आणि सुरक्षित कोण, तर बाहेरचा. व्याकरण बरोबर होतं, तरी कुठेतरी खटकत होतं. आणि आता हा डास. म्हणजे भोकातून आत गेला, तिला चावला, पोट भरून बाहेर आला आणि त्याच्या पुस्तकावर येऊन बसला. का पुस्तकावर? की त्याच्याकडेच निघाला होता?

वरच्या मजल्यावरचं शिलाई मशीन सुरू झालं. छताचा तेवढाच तुकडा थरथरल्यासारखा वाटायचा. सलग टाके, मग थांबणं, मग परत सलग. कोणी पायाने जोर काढतंय हे खाली कळायचं. गेल्या दोन दिवसांत त्या आवाजाला राग चढला होता, आणि त्याचं कारण तोच होता.

तो भांडणारा माणूस नव्हता. पत्रातसुद्धा त्याने कधी कुणाला सरळ दोष दिला नव्हता, 'कदाचित माझाच गैरसमज असेल' हे तो पहिल्याच ओळीत लिहून टाकायचा. पण बायकोचा ताप चढला, ती डोळ्यांच्या मागे कोणी अंगठे रुतवतंय म्हणून कण्हू लागली, तेव्हा त्याला कुणीतरी हवं होतं. वर्तमानपत्रात रोज येत होतं, साठलेलं पाणी शोधा, कुंड्या शोधा, पिंपं शोधा, टायर शोधा. त्याने घर शोधलं. गॅलरीत कुंड्या नव्हत्या, टायर असायचा प्रश्न नव्हता. बाथरूममधली बादली रोज उपडी होत होती. फ्रिजच्या मागची थाळी त्याने ओढून काढली, ती कोरडी निघाली. मग उरलं ते वरच्या शिंप्याचं पिंप. जिन्याच्या वरच्या वळणावर, निळं, कमरेएवढं. आयुष्यात प्रथमच तो कुणाच्या दारात तावातावाने गेला. जिना चढताना वाक्य तयार केलं होतं, तेही नीट, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी. दार उघडल्यावर त्यातलं निम्मं सांडलं.

"तुमच्या पिंपामुळे," तो म्हणाला. "खाली माझी बायको आजारी आहे. तुमच्या पिंपामुळे."

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या. "काय झालं पिंपाला?"

"पाणी साठवता. डास होतात."

"या इकडे." शिंप्याने त्याचं मनगट धरलं आणि जिन्याच्या वळणावर नेलं. पिंपावर कापडाची टोपी होती, दुहेरी, कडेला इलास्टिक घालून घट्ट शिवलेली. कापडावर निळी फुलं होती. "हे बघा. पिंपाला टोपी शिवलीय मी. मोजून. मुंगी आत जायची नाही. तुमच्या डोक्याला आहे का एवढी?"

जिन्यात कुणीतरी हसलं. तो खाली आला. आल्यावर हात धुतले, का कुणास ठाऊक. बायको जाळीतून म्हणाली, "कुणाशी बोलत होतात?" तो म्हणाला, "कुणाशी नाही." ती म्हणाली, "मग ठीक. मला वाटलं भांडत होतात." आणि तापातही तिला हसू आलं, इतकी ती शक्यता तिला दूरची वाटत होती.

तो परत खुर्चीत बसला. डास त्याने पानातच राहू दिला, पुस्तक उघडंच ठेवलं. आज ताप उतरेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि उतरला की खूश होऊ नका असंही म्हणाल्या होत्या. ताप उतरतो तेव्हाच खरं लक्ष ठेवायचं. पोटात दुखलं, हिरड्यांतून रक्त आलं, फार गळून गेल्यासारखं झालं, की फोनबिन न करता थेट इस्पितळात. सकाळी पुन्हा रक्त नेलं होतं, आता त्याचा फोन यायचा होता. रक्तातल्या बारीक पेशी आणखी उतरल्या असतील तर आजच भरती. त्याने पिशवी भरून दाराजवळ ठेवली होती, तिची साडी, टॉवेल, तिचा कंगवा. स्वतःसाठी एक पुस्तक घातलं होतं आणि मग शरमून काढून ठेवलं होतं.

या वयात तिला गमावणं म्हणजे काय, याचा त्याने विचार करून पाहिला, आणि विचार पुढे गेला नाही. म्हणजे तो घाबरला असं नव्हे. भीतीची जागा नेमकी कुठे असते तिथे हात लावून पाहावा तर तिथे काही लागत नव्हतं, दात काढल्यावर जीभ फिरवावी तसं. गेल्या महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा घर असंच होतं. रिकामं नव्हे, पण कुणीतरी ओळ गाळल्यासारखं. वाचणाऱ्याला अर्थ लागतो, पण काहीतरी निसटलंय हे कळत राहतं. पहिले काही दिवस तो खानावळीचा डबा खात नुसता बसून राहिला. मग त्याला वाटलं, ती येईल तेव्हा तिला घर दाखवण्यासारखं असावं. आयुष्यभर तिने 'तुम्ही नुसते बसा, काही करू नका, केलंत की दुप्पट होतं' असं म्हणत त्याला कामापासून लांब ठेवलं होतं. त्याने जळमटं काढली. पंखे पुसले. आणि एका सकाळी फरशी पुसायला म्हणून ओणवा झाला तेव्हा कपाटाखालच्या वाट्या त्याला दिसल्या.

त्या वाट्या तो विसरूनच गेला होता. कपाट घेतलं होतं एका बाइंडरकडून, दुकान बंद करताना. सागवानी, चार जाड पाय, वर काचेची दारं. बाइंडर म्हणाला होता, "पायांखाली वाट्या ठेवा आणि वाट्यांत पाणी. पुस्तकाला खळ असते, खळीला मुंग्या येतात. पुस्तकाचे शत्रू दोन. मुंगी आणि जावई. मुंगी खळ खाते, जावई अख्खं पुस्तक नेतो. जावयाला वाटी लागू पडत नाही." तेव्हा लेक लहान होती, तो खूप हसला होता. पितळेच्या चार वाट्या बायकोने कुरकुरत काढून दिल्या होत्या. पहिल्या वर्षी पाणी तो घालायचा, मग कधी ती घालू लागली हे त्याला सांगता आलं नसतं. पाणी घालत असली तरी तिला पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणायची, "तुम्ही वाचत नाही हो, तपासता. एवढं कपाटभर तपासलंत, एक तरी लक्षात आहे का?" खरंच, अर्थाच्या आधी त्याला चूक दिसायची, आणि चूक दिसली की अर्थ निघून जायचा, पाहुणे आलेले पाहून घरातून मांजर निघून जातं तसा.

त्या सकाळी वाट्यांतलं पाणी त्याने नीट पाहिलं. वर तेलकट तवंग होता, मोरपंखी, बोट लावलं की फाटायचा आणि परत सांधायचा. काठ चिकट झाले होते, त्यात धूळ, केस, एक मेलेलं झुरळ. त्याला वाईट वाटलं. बिचारी, गुडघे दुखतात तिचे, इथवर हात पोचत नसेल. तो शेजारच्या रखवालदाराला बोलावून घेऊन आला, कपाटाची एकेक बाजू किंचित उचलून धरायला लावली, वाट्या काढल्या, चिंच लावून घासल्या, उन्हात वाळवल्या. पितळ असं पिवळं होतं हे तो विसरला होता. मग माठातलं गाळलेलं पाणी घालून त्या पुन्हा पायांखाली सरकवल्या. नळाचं नाही, गाळलेलं. पाण्यातून वाटीचा तळ दिसत होता, त्यावर कुणा भांडेवाल्याने ठोकलेलं अक्षरही. त्याला इतकं समाधान झालं की त्याने लेकीला फोन केला, आणि मग फोनवर त्यातलं काहीच न सांगता बाळाचं वजन विचारलं. रोज सकाळी वाकून तो पाणी कमी झालं का पाहायचा, कमी झालं असेल तर भर घालायचा. मग त्याचं मन भरलं, आणि तो परत खुर्चीत बसू लागला.

जाळीत हालचाल झाली. "तेल," ती म्हणाली.

"काय?"

"तेल घातलंत का?"

हे तिचं दोन दिवस चाललं होतं. ताप चढला की तेलाचं निघायचं. पहिल्यांदा त्याला वाटलं डोक्याला तेल हवंय. त्याने जाळीत हात घालून तिच्या केसांना तेल चोळलं, तर तिने हात झिडकारला. "मला नको. मशीनचं. मशीनचं तेल घाला हो." तेव्हा त्याला उमगलं असं वाटलं. आतल्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं, लेकीची झबली शिवलेलं, मग वर्षानुवर्षं टेबल म्हणून वापरलेलं. तापात माणूस कुठेही जातं. ती तिकडे गेली असेल, लेक लहान असेल, झबलं अर्धं असेल. त्याने मशीनवरचे रग उचलले, खणातली चोचीची बुधली काढली, आणि जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे तेल सोडलं. बुधली निम्म्यात संपली. चाक फिरवलं तर ते गंजलेलं, कण्हत कण्हत फिरलं. "घातलं," तो तिला येऊन म्हणाला होता. तिने डोळे मिटले होते. संध्याकाळी पुन्हा तेच.

आता तो जाळीजवळ गेला. "घातलं गं. परवाच घातलं. चाकसुद्धा फिरतंय."

"चाक?" तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ताप होता, आणि तापाच्या मागे आणखी काहीतरी, कीव म्हणता येईल असं. मग पापण्या परत खाली आल्या.

दारावर थाप पडली. बाहेर वरचा शिंपी उभा होता. हातात चोचीची बुधली, खांद्यावर माप घ्यायची टेप.

"भाऊ, आत येऊ? की वरून ओरडू?"

"या ना."

तो आत आला, चपला दारात काढून. जाळीकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "वहिनी कशा आहेत?"

"ताप आहे. रिपोर्टची वाट पाहतोय."

"हं." शिंप्याची नजर लाल चिमट्यावर गेली. "हे काय? वहिनींना वाळत घातलंय?" उत्तराची वाट न पाहता त्याने कॉलरच्या आतल्या बाजूने सुई काढली, दोरा होताच, आणि उभ्या उभ्या भोक टाचून टाकलं, चार टाक्यांत. चिमटा त्याच्या हातात ठेवला. "त्या दिवशीचं डोक्यात ठेवू नका. मीही जरा जास्तच बोललो. बायको म्हणाली, पिंपाच्या टोपीचं एवढं कौतुक, उद्या पिंपाला पँट शिवशील." मग बुधली पुढे केली. "हे ठेवा. वहिनी दर आठवड्याला नेतात, महिनाभर नव्हत्या, आल्यावर लगेच आजारी पडल्या. म्हटलं तेल संपलं असेल."

"दर आठवड्याला?"

"किती वर्षं झाली. मी एकदा विचारलं, वहिनी, तुमचं मशीन तेल पितं की काय? मशीन तर बंद. त्या म्हणाल्या, मशीनला नाही, यांच्या पुस्तकांना घालते. मला वाटलं चेष्टा करतायत." तो जायला वळला. "काही लागलं तर छताला काठी ठोका. मशीन चालू असलं तरी मला ऐकू येतं."

दार लोटून तो बुधली हातात घेऊन उभा राहिला. यांच्या पुस्तकांना. त्याने कपाटाकडे पाहिलं. काचेमागे पुस्तकं नेहमीसारखी, कणे बाहेर करून, माणसांनी पाठ केल्यासारखी. मच्छरदाणीची दोरी कपाटाच्या मुठीला. पलंग कपाटाला लागूनच, कारण त्यानेच तो आतल्या खोलीतून इथे आणवला होता, इथे वारा येतो म्हणून. मोरपंखी तवंग. चिकट काठ. बोट लावलं की फाटायचा आणि परत सांधायचा.

तो गुडघ्यांवर बसला, मग हातांवर, मग गाल फरशीला टेकवून आडवा झाला. दिवसाचा उजेड कपाटाखाली येत होता. पुढच्या दोन वाट्या समोर होत्या. पाणी स्वच्छ होतं. त्या पाण्यात काहीतरी होतं, आणि त्याच्या नजरेने ते आधी वाचलं, मग पाहिलं. स्वल्पविराम. बारीक, काळे, डोकं जाड आणि शेपूट वळलेली, काही पृष्ठभागाला टांगलेले, काही स्थिर. इतके, की एवढ्या छोट्या वाक्यात ते मावले नसते. मग त्याने श्वास सोडला म्हणून असेल किंवा त्याची सावली पडली म्हणून असेल, सगळे एकदम हलले, वळवळत, झटके देत तळाकडे गेले, आणि थोड्या वेळाने एकेक करून परत वर येऊन टांगले गेले. तळावर ठोकलेलं अक्षर मधूनमधून दिसत होतं.

घासून, वाळवून, गाळलेलं पाणी. वर्तमानपत्रात तेही येत होतं, हा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ते त्याने वाचलं होतं. त्यात 'स्वच्छ'च्या ऐवजी 'स्वछ' छापलं होतं, तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं होतं.

हाच डास का, असं म्हणायला जागा होती. डास कुठूनही येतो. रस्त्यापलीकडे अर्धवट बांधलेली इमारत होती, तिच्या तळघरात पाणी होतं. गल्लीत कितीतरी घरांत ताप होता. धूर सोडणारा माणूस येऊन गेला होता, पाठीवर यंत्र, कानात कापूस, आणि सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. कुठल्या वाटीतला कुठला डास कुणाला चावला हे कोण सांगणार? तो हे सगळं फरशीवर पडल्यापडल्या मनाशी मांडत होता, मुद्देसूद, आणि ते खरंही होतं, आणि त्याने काही फरक पडत नव्हता. त्याला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की त्याला रडू येत नव्हतं. फरशी गार होती. वर मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

त्याने बुधलीची चोच वाटीच्या काठाला लावली आणि तळ दाबला. तेलाचा थेंब पाण्यावर पडला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग जणू काही आठवल्यासारखा सगळीकडे पसरला. रंग आले. जांभळा, हिरवा, तांबूस. खालून एक स्वल्पविराम वर आला, शेपटीने पृष्ठभाग शोधू लागला, तो सापडेना तसा बाजूला सरकला, पुन्हा शोधू लागला. दुसरा आला. मग तो बघायचा थांबला. पुढच्या दोन झाल्या, मागच्या दोन वाट्यांसाठी तो कपाटाच्या कडेने भिंतीपर्यंत सरपटत गेला. तिथे त्याचा खांदा अडकला. हात लांब करून चोच पोचवताना त्याला वाटलं, ती हे दर आठवड्याला करत होती. तो संध्याकाळी फिरायला जायचा तेव्हा करत असेल. गुडघे दुखणारी बाई, फरशीवर आडवी, त्याच्या पुस्तकांखाली. आणि उठून बसल्यावर त्याला म्हणत असेल, एक तरी लक्षात आहे का?

"काय पडलंय खाली?" ती म्हणाली.

त्याने मान वळवली. फरशीवरून, पलंगाच्या कडेने, जाळीतून तिचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम होता. केस कपाळाला चिकटले होते. ताप उतरत होता.

तो धडपडत उठला. खूश व्हायचं नाही हे त्याला आठवलं. "पोटात दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"भूक लागल्यासारखं वाटतंय. ते दुखणं धरायचं का?"

"तोंड उघड." त्याने विजेरी आणली, जाळी वर करून डोकं आत घातलं, आणि तिच्या हिरड्या पाहिल्या, वरच्या, खालच्या, एकेक दात, डावीकडून उजवीकडे. तिचा श्वास उष्ण होता, तापाचा शिळा वास होता त्याला. लाल कुठे नव्हतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"चुका किती निघाल्या?" ती तोंड मिटून म्हणाली.

"एकही नाही."

ती उशीवर टेकली. जाळीच्या आत तो अजून अर्धा होता. दोघं एका धूसर पांढऱ्या खोलीत असल्यासारखे, बाहेरची खोली लांबची. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. छातीवर धुळीचा पट्टा होता, बाहीवर तेलाचा डाग. ती बराच वेळ पाहत राहिली.

"घातलंत तेल," ती म्हणाली. या वेळी तो प्रश्न नव्हता.

"घातलं."

"कशात?"

मशीनमध्ये, असं म्हणता आलं असतं. तेही खोटं नव्हतं. "आधी मशीनमध्ये," तो म्हणाला. "आत्ता वाट्यांत." आणि मग, कारण त्या जाळीत दुसरीकडे बघायला जागाच नव्हती, "मी त्या धुतल्या होत्या. तू नव्हतीस तेव्हा. मला वाटलं घाण साचलीय. माठातलं पाणी घातलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आल्याच दिवशी पाहिलं मी. केर काढताना. लखलख करत होत्या. चिंचेने घासल्यात ना?"

"हो."

"बुधली हातात होती माझ्या. शिंप्याने दिलेली, तळाशी होतं थोडं तेल. ओतणार होते." तिने ओठ ओले केले. त्याने पेला तिच्या तोंडाला लावला, ती दोन घोट प्यायली. "मग म्हटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरातलं काही धुतलंय यांनी. आणि मी लगेच वर तेल ओतू? दिसलं असतं तुम्हाला. म्हटलं राहू दे चार दिवस. मिरवू दे."

पंख्याच्या वाऱ्याने जाळी आत येत होती, बाहेर जात होती, तिच्याबरोबर श्वास घेतल्यासारखी. चार दिवस. त्या चार दिवसांत तो रोज सकाळी तिच्यासमोर मुद्दाम कपाटापाशी रेंगाळायचा, ती कधी विचारते याची वाट पाहत, आणि ती रोज सकाळी त्याने सांगायची वाट पाहत असणार. दोघांच्या मध्ये, फरशीवर, स्वच्छ पाण्यात, ते आपले वाढत होते.

"मग सांगितलंत का नाही?" ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

ती हसली. हसल्यावर तिला खोकला आला, आणि तो दचकून पुन्हा विजेरी शोधू लागला. "ठेवा ती," ती म्हणाली. "काही नाही झालेलं."

फोन वाजला. जाळीतून डोकं काढताना त्याचा चष्मा अडकला, तो तसाच सोडून त्याने रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज तरुण होता, कागद चाळत होता. "तेवढ्याच आहेत," आवाज म्हणाला. "वाढल्या नाहीत, पण उतरल्याही नाहीत. भरतीची घाई नको म्हणाल्यात मॅडम. पाणी द्या, उद्या परत रक्त पाठवा." त्याने 'उतरल्याही नाहीत ना?' असं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारण्याआधी पलीकडे फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी पेशी थोड्या चढल्या, आणि तो काठी घेऊन खुर्चीवर चढला व त्याने छत ठोकलं. शिंपी खाली आला. दोघांनी मिळून पुस्तकं काढली. ती पलंगाच्या तिन्ही बाजूंनी रचली गेली, ढिगावर ढीग, आणि जाळीतली बाई त्यांच्यामधून डोकावत सूचना देऊ लागली. "एवढी वाचलीत तुम्ही भाऊ?" शिंपी म्हणाला. "तपासलीत," ती आतून म्हणाली. रिकामं कपाट हलकं निघालं. शिंप्याने ते एकेक बाजूने उचलून धरलं आणि त्याने चारही वाट्या बाहेर काढल्या. पाणी गच्चीवर उन्हात फेकून दिलं. आतले काठ काथ्याने खरवडून घासले, कारण अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरड्यातही तग धरतात. मग त्याने त्या वाट्या स्वयंपाकघरात फळीवर उपड्या ठेवल्या. परत पायांखाली नाही.

"आणि मुंग्या?" शिंप्याने विचारलं. त्याने खांदे उडवले.

शिंपी गेल्यावर तो पुस्तकं परत लावत बसला. कालचं ते पुस्तक हाताला लागलं. डास वाळून गळून पडला होता, पानावर पायांची पुसट खूण राहिली होती. ठिपका तपकिरी झाला होता. अक्षरावर तो आता इतका मुरला होता की अनोळखी माणसाने ते पान वाचलं असतं तर अनुस्वारासकट वाचलं असतं. त्याने पेन्सिल काढली, धरून ठेवली, परत खिशात ठेवली आणि पुस्तक जागेवर सरकवलं. मग सवयीने वाकून त्याने कपाटाखाली पाहिलं. चार पाय सरळ फरशीवर टेकले होते, त्यांच्याभोवती वर्षानुवर्षांच्या वाट्यांचे गोल डाग. पुढच्या डाव्या पायाशी एक मुंगी आली होती. ती गोल डागाच्या कडेशी थांबली, तिथे पाणी असायला हवं होतं अशी. मग तिने डाग ओलांडला.

"काय बघताय?" जाळीतून आवाज आला.

"मुंगी आहे. कपाटावर चढतेय."

वर मशीन चालू झालं, सलग, हलक्या पायाने.

"चढू द्या," ती म्हणाली.